फिकट लेदरची सीट घासायच्या आधी

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तासगावजवळ द्राक्षबाग आहे, २०१५ सालची सेडान सेकंडहँड घेतलीत, आत फिकट बदामी लेदरच्या सीट्स आहेत. ड्रायव्हरची सीट काळपट पडून चकाकते. बसायच्या भागावर निळसर छटा आलीय, दाराकडच्या कडेला भेगा आहेत, आणि मागच्या सीटवर डब्यातली आमटी सांडून हळदीचा डाग बसलाय. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो फोम मारून पॉलिश करून देतो. कुशनवाला म्हणतो सगळं काढून रेक्झिन घालू. मोबाईलवरच्या व्हिडिओत खायचा सोडा आणि टूथपेस्ट सांगतात. आणि तुम्ही विचारताय, नेमकं काय लावू?

सांगली-मिरज रस्त्यावर माझं कुशनचं आणि सीट रंगवायचं काम आहे. येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, आणि मी आधी गाडीचं दार उघडून बघतो, मगच बोलतो. कारण काय लावायचं हे नंतर ठरतं. मळ सीटच्या रंगावर बसलाय, रंगात शिरलाय, की तिथला रंगच उडालाय, हे आधी ठरवावं लागतं. तुमच्या एकाच सीटवर या तिन्ही गोष्टी आहेत असं मला वर्णनावरून वाटतं. म्हणून एकच औषध सगळीकडे चोळलं तर एक जागा सुधारेल आणि दुसरी बिघडेल.

रंग म्हणतोय तो नीट समजून घ्या. गाडीच्या सीटचं लेदर म्हणजे उघडं कातडं नव्हे. कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, त्यावर रंगाचे थर देतात आणि सगळ्यात वर पारदर्शक पॉलियुरेथेनचा लेप असतो. कातड्याची जाडी एक ते दीड मिलिमीटर, आणि वरचा सगळा लेप मिळून केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तुमचा हात त्या लेपाला लागतो, कातड्याला नाही. ऑइलपेंट दिलेल्या भिंतीसारखंच हे. आपण पुसतो ते पेंट, आतली माती नाही. सीट साफ करणं म्हणजे हा लेप साफ करणं, आणि सीट दुरुस्त करणं म्हणजे बहुतेक वेळा हा लेप परत देणं.

म्हणूनच खोबरेल किंवा एरंडेल तेल लावायचा सल्ला इथे चालत नाही. आपल्याकडे तो सल्ला चपलेवरून आलाय. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, वर लेप नसलेलं असतं. ते तेल पितं आणि मऊ होतं. (या चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला सांगली जिल्हाही आहे, त्यामुळे कातड्याची जाण इथे घरोघर आहे, फक्त ती वेगळ्या कातड्याची.) गाडीच्या सीटवर तेल वरच राहतं, चिकट होतं, धूळ धरतं आणि भेगांतून जिथे आत जाईल तिथे फिकट रंग कायमचा काळवंडतो. हेडरेस्टवर डोक्याच्या तेलाचा जो गोल डाग दिसतो, तो याचाच नमुना.

आता एक शंका आधीच काढून टाकू. तुमची सीट सगळी लेदरची आहे का? बऱ्याच गाड्यांत पाठ आणि मांड्या टेकतात तेवढाच भाग लेदरचा असतो, बाजू आणि मागचा भाग रेक्झिनचा. काही गाड्यांत तर सगळंच रेक्झिन, नाव मात्र लेदरेट. सीटच्या खाली, जिथे कव्हर फ्रेमला ओढून बसवलेलं असतं, तिथली कड उलटून बघा. मागच्या बाजूला कातड्याचे बारीक मऊ तंतू दिसले तर लेदर. विणलेलं किंवा जाळीदार कापड दिसलं तर रेक्झिन. हे बघणं गरजेचं, कारण रेक्झिनचे पापुद्रे सुटायला लागले असतील तर त्यावर रंग टिकत नाही. तिथे कितीही खर्च केलात तरी रंगाच्या खालचा थरच सुटून येतो. लेदरला भेग पडली तर मात्र बरंच काही करता येतं.

खाली वाकलाच आहात तर आणखी एक बघून घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीत बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या, आणि त्यातल्या काही साफसूफ होऊन पुन्हा विकल्या गेल्या. सीटच्या रुळांचे बोल्ट खूप गंजलेले, स्प्रिंगांच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ, गालिच्याखाली कुबट वास, असं काही असेल तर लेदरचा विषय बाजूला ठेवा आणि आधी वायरिंग तपासून घ्या. बहुतेक वेळा असं काही निघत नाही. पण बघायला फक्त टॉर्च लागते.

चकाकीबद्दल लोकांची समजूत उलटी आहे. कारखान्यातून आलेली सीट मंद दिसते, तिला जवळजवळ चमक नसते. तुमची ड्रायव्हर सीट चकाकते याचा अर्थ तिच्यावर घाम, अंगाचं तेल आणि धूळ यांचा गुळगुळीत थर बसलाय, किंवा आधीच्या मालकाने डॅशबोर्डचं पॉलिश मारत ठेवलंय. वॉशिंग सेंटरवाला पॉलिश करून देतो म्हणतो ते याच्यावर आणखी एक थर. दोन दिवस छान दिसेल. त्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉन राहिलेल्या जागी पुढे रंग धरत नाही, रंगाला माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. रंगकामाचा विचार असेल तर आत्ता पॉलिश अजिबात मारू देऊ नका.

आता निळ्या डागाकडे येतो, कारण तुमच्या गाडीत मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही तो जीन्सचा धरून चाललाय. असेलही. जीन्सचा निळा रंग कापडावर घट्ट बसलेला नसतो, तो घासला की सुटतो. घाम आणि उन्हाने तापलेली सीट मिळाली की फिकट लेपात उतरतो. पण तुमची बाग आहे. छाटणीनंतर बोर्डोच्या, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाच्या, फवारण्या होतात, आणि त्याच कपड्यात माणूस गाडीत बसतो. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. वाळलं की त्याचाही निळा डागच पडतो. आमच्याकडे तासगाव, कवठेमहांकाळकडून येणाऱ्या गाड्यांत हे दोन्ही निळे एकमेकांत मिसळलेले असतात.

ओळखायचं असं. जीन्सचा रंग सीटच्या पुढच्या भागावर आणि दाराकडच्या कडेवर पसरट, एकसारखा असतो, मांड्या जिथे घासतात तिथे गडद आणि बाहेर फिकट होत जाणारा. बोर्डोचे ठिपके असतात, शिंतोडे असतात, रंग किंचित हिरवट-आकाशी आणि बोट फिरवलं तर भुकटीसारखा खरखरीत. खात्री करायची तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी करा, कान साफ करायच्या काडीचा कापूस त्यात बुडवून पिळून एका ठिपक्याला लावा. बोर्डो असेल तर ठिपका विरघळायला लागतो आणि कापसावर निळसर येतो. जीन्सच्या रंगाला व्हिनेगरने काही होत नाही. बोर्डो असेल तर असंच एकेक ठिपका घेऊन काढा आणि लगेच साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. लेदर स्वतःच आम्लाकडे झुकलेलं असतं, त्याचा पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी) साधारण ३.५ ते ५ असतो, म्हणून पातळ व्हिनेगर थोडा वेळ चालून जातं. खायचा सोडा मात्र ८ च्या वर, धुण्याचा सोडा ११ च्या आसपास. हे दोन्ही लेदरला मानवत नाहीत.

जीन्सचा निळा ताजा असेल, म्हणजे महिना-दोन महिन्यांचा, तर बहुतेक निघतो. वर्षं झाली असतील तर तो लेपात उतरलेला असतो, आणि मग तुम्ही कितीही घासलंत तरी निघतो तो लेप, निळा नाही. याच टप्प्यावर माणसं टूथपेस्ट आणि जादूचा पांढरा स्पंज काढतात. दोन्ही खरवडतात. टूथपेस्ट आणि स्पंज लावल्यावर डाग गेला असं वाटतं कारण डागासकट वरचा पारदर्शक थर गेलेला असतो. पुढच्या महिन्यात तीच जागा दुप्पट वेगाने मळते. सॅनिटायझरचंही तसंच. कोरोनाच्या काळात हात सॅनिटायझरने ओले ठेवून स्टिअरिंग आणि सीटची कड धरणाऱ्यांच्या गाड्यांत तेवढ्याच जागी मॅट चट्टे पडलेले मी पुष्कळ बघितले, कारण अल्कोहोल लेप मऊ करतं. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तर सीटजवळ नेऊच नका.

हळदीची गोष्ट वेगळी, आणि सांगलीच्या माणसाला ती सांगायला मजा येते. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते तेलात विरघळतं, म्हणून आमटीतली हळद पाण्याने जात नाही. आणि सोडा-चुन्यासारखं काही अल्कधर्मी लागलं की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच जोरावर. म्हणून हळदीच्या डागावर साबण किंवा सोडा लावला की तो अचानक तांबडा होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. तुमच्याकडून असं झालं असेल तर पातळ व्हिनेगरचा बोळा फिरवा, पिवळा परत येईल. आधी डागावरचं तेल काढा: टाल्कम पावडर किंवा मुलतानी माती भुरभुरून काही तास ठेवा, मऊ ब्रशने झटका, मग सौम्य क्लीनर. उरलेला पिवळेपणा उजेडाने जातो. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, निळ्या-जांभळ्या उजेडात तर लवकर तुटतं. मार्केट यार्डात हळदीचा व्यवहार करणाऱ्यांच्या गाड्यांत सीटच्या ज्या भागावर ऊन येतं तिथला पिवळेपणा आपोआप फिका पडतो आणि सावलीतला तसाच राहतो. तुम्ही सकाळच्या कोवळ्या उन्हात मागचं दार उघडं ठेवून डाग दिसेल एवढीच जागा मोकळी ठेवा, बाकी सीटवर चादर टाका, आणि रोज तास-दोन तास असं आठवडाभर करा. दुपारचं ऊन नको. दार उघडं यासाठी की काच काही उजेड अडवते. ओली सीट उन्हात वाळवणं हे मात्र वेगळं, ते कधीच करू नका, लेदर आकसतं.

आता साधा मळ, म्हणजे तो काळपट चकाकणारा थर. हे काम तुम्ही घरी करू शकता आणि यातच अर्ध्याहून जास्त फरक दिसतो.

गाडी सावलीत, सीट थंड. उन्हात तापलेल्या सीटवर क्लीनर फेसाळायच्या आधीच सुकतो आणि कडेला रेषा राहतात. आधी व्हॅक्यूम, शिवणींच्या खाचांत मऊ ब्रश लावून, कारण तिथे अडकलेली वाळू पुढे घासकागदाचं काम करते. आधी हेडरेस्टच्या मागे किंवा सीटच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी क्लीनर लावून वाळू द्या आणि बघा. क्लीनर म्हणजे लेदरसाठी मिळणारा कुठलाही सौम्य, आम्लाकडे झुकलेला किंवा उदासीन. तो मिळाला नाही तर अर्धा लिटर पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे काही थेंब. कपडे धुण्याची पावडर नको.

फेस ब्रशवर घ्या, सीटवर ओतू नका. ब्रश मऊ, घोड्याच्या केसांचा किंवा दाढीचा जुना. हातरुमालाएवढी जागा घ्या, गोल गोल हलक्या हाताने फिरवा, फेस तपकिरी झाला की लगेच ओल्या मायक्रोफायबरने पुसा, मग कोरड्याने. पुढची जागा. ओल्या फडक्यासाठी बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरी पुटं राहतात, फिल्टरचं घ्या. सीटला बारीक छिद्रं असतील तर ब्रश जवळजवळ कोरडाच, कारण छिद्रातून गेलेलं पाणी फोममध्ये बसतं आणि पावसाळ्यात बुरशी होऊन वर येतं. काळ्या पडलेल्या पांढऱ्या शिवणीवर मऊ टूथब्रश दोऱ्याच्या दिशेने. एका दिवसात सगळं नको. एक फेरी, वाळू द्या, दुसऱ्या दिवशी दुसरी. दाबून एकदा घासण्यापेक्षा हलकेच तीनदा घासलेलं चांगलं.

आणि थांबायचं कधी? हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण बिघाड सगळा इथेच होतो. पुसायला पांढरं फडकं घ्या आणि दर वेळी फडक्याकडे बघा. तपकिरी किंवा राखाडी येतंय तोवर मळ निघतोय, चालू ठेवा. फडक्यावर बदामी रंग यायला लागला की तुम्ही सीटचा रंग काढताय. तिथे हात थांबवा, सीटवर डाग दिसत असला तरी. दुसरी खूण पाण्याची: ओलं बोट लावल्यावर ती जागा गडद होत असेल तर पाणी कातड्यात शिरतंय, म्हणजे तिथला लेप संपलाय. अशा जागी साफसफाईने काही मिळणार नाही, उलट घाण आत जाईल. खडूने त्या जागांवर बारीक खुणा करून ठेवल्यात तर पुढे रंगवणाऱ्यालाही उपयोग होईल.

कंडिशनरबद्दल फार बोलत नाही. लेप शाबूत असेल तर तो आत फारसा जात नाही, स्पर्शाला बरं वाटतं इतकंच. त्यापेक्षा लेदरसाठी येणारा मंद चमकेचा संरक्षक लेप लावा, तो जीन्सचा रंग थोडाफार अडवतो.

आता भेगा. ड्रायव्हरच्या दाराकडच्या कडेलाच भेगा का पडतात? वय हे एक कारण, पण मुख्य कारण फोम. गाडीत शिरताना आपण त्या कडेवर बसून आत सरकतो, वर्षानुवर्षं. आतला फोम चेपतो, वरचं लेदर सैल पडतं, दर वेळी त्याच रेषेत घडी पडते आणि घडीवर लेप आधी फुटतो. म्हणून नुसतं वरून भरून रंग दिला तर भेग त्याच रेषेत परत येते. काम करणाऱ्याने आधी कव्हर उघडून त्या कडेचा फोम भरून घ्यायला पाहिजे. हे तो करणार नसेल तर मी म्हणेन रंगाचा खर्च थांबवा.

भेग लेपातली आहे की कातड्यातून आरपार, हे बोटाने कड ताणून बघा. आत फिकट निळसर-राखाडी कातडं दिसलं पण तळाचा फोम दिसला नाही, तर भेग वरवरची. मग काम असं होतं: आधी अल्कोहोलच्या द्रावणाने सगळं तेल आणि सिलिकॉन उतरवणं, मग ८०० ते १००० नंबरच्या घासकागदाने भेगांच्या कडा सपाट करणं, मग बाइंडर, म्हणजे सैल तंतू बांधणारा पातळ लेप, मग लवचिक फिलरचे, म्हणजे भेग भरणाऱ्या लगद्याचे, पातळ थर, प्रत्येक वाळल्यावर पुन्हा हलका कागद. त्यानंतर पाण्यातला रंग, पहिला थर स्पंजने दाबत, पुढचे फवाऱ्याने, दोन थरांत हेअर ड्रायर. शेवटी मंद चमकेचा वरचा लेप, त्यात घट्ट करणारं द्रव्य मिसळून. हे द्रव्य न घालता केलेलं काम बाहेर पडताना सुंदर दिसतं आणि थोड्याच दिवसांत जीन्सवर उतरतं. इथे अल्कोहोल वापरतात हे वाचून वर मी नको म्हटलं होतं त्याचा गोंधळ करून घेऊ नका. रंग परत द्यायचा असेल तेव्हाच जुना लेप मऊ केलेला चालतो.

भेग आरपार असेल तर खालून कापडाचा तुकडा चिकटवून भरता येते, पण ज्या कडेवर रोज माणूस सरकतो तिथे मला ते टिकेल असं वाटत नाही. त्यापेक्षा चांगला कुशनवाला तेवढी एकच पट्टी उसवून नवीन लेदर शिवतो, मग तिला बाकी सीटच्या रंगात आणतो. सगळी सीट रेक्झिनची करण्यापेक्षा हे मला केव्हाही पसंत. आपल्या एप्रिल-मे मध्ये रेक्झिनवर पाठ भिजते हे तुम्हाला सांगायला नको.

फिकट रंग जुळवणं गडद रंगापेक्षा अवघड असतं, कारण बदामीत पिवळा थोडा जास्त झाला तरी डोळ्यांत खुपतो. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग बाहेर उन्हात वेगळा दिसतो, म्हणून दिवसाउजेडीच जुळवतात. ओला रंग आणि वाळलेला रंग यांतही फरक असतो, थेंब लावून ड्रायरने वाळवून मगच ठरवायचं. हेडरेस्टखालचा लपलेला भाग मूळ रंगाचा म्हणून त्याला जुळवायला जाल तर दुरुस्त केलेली कड बाकी सीटपेक्षा वेगळी उठून दिसेल. पूर्ण सीट रंगवायची नसेल तर शेजारच्या उडालेल्या रंगालाच जुळवा. काम झाल्यावर एक दिवस त्यावर बसायचं नाही, निदान आठवडाभर क्लीनर लावायचा नाही. पावसाळ्यात हे थर नीट वाळत नाहीत. मी स्वतः असं काम दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत घेतो, जुलै-ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक आलं तर थांबा म्हणतो.

एक गोष्ट मात्र कुणावर सोपवू नका. सीटच्या दाराकडच्या बाजूला एअरबॅगचं लेबल शिवलेलं असेल तर त्या बाजूला आत एअरबॅग आहे, आणि तिथली शिवण ठरलेल्या ताकदीला फाटावी अशी मुद्दाम केलेली असते. तिथे जाड दोऱ्याने साधी शिवण घातली किंवा वरून घट्ट कव्हर चढवलं तर एअरबॅग उघडायला अडथळा येतो. सीट काढायची असेल तर बॅटरीची तार आधी काढून थोडा वेळ थांबूनच सीटखालची पिवळी जोडणी सोडवायची. हे माहीत नसलेल्या माणसाला सीट उघडू देऊ नका, मग तो रंगकामात कितीही हुशार असो.

एवढं करून बागेत जायच्या दिवशी सीटवर जाड सुती टॉवेल टाका. सरकारी गाडीच्या मागच्या सीटवर पांढरा टॉवेल असतो त्याला आपण हसतो, पण फिकट सीटसाठी त्याच्याइतका स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही. धुता येतो, घाम पितो, आणि बोर्डो त्याच्यावर राहतं. रेक्झिनचं घट्ट कव्हर चढवण्यापेक्षा शंभर पटींनी बरा. कव्हराखाली पावसाळ्यात ओल अडकते. उन्हात गाडी उभी करायची असेल तर पुढच्या काचेला पडदा, आणि गाडीत बसताना आधी बसा, मग पाय आत घ्या, म्हणजे कडेवर सरकणं कमी होईल. मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून बसू नका.

तुमच्या गाडीपुरतं म्हणाल तर येत्या रविवारी एवढंच करा. सीटखाली बघून लेदर की रेक्झिन ते ठरवा. निळ्या ठिपक्यावर व्हिनेगरची काडी लावा. मागच्या हळदीवर पावडर टाकून ठेवा. ड्रायव्हर सीटची एक फेरी सौम्य क्लीनरने, पांढऱ्या फडक्यावर नजर ठेवून. मग चार फोटो पाठवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता: सीटखालच्या कडेचा, भेग बोटाने ताणून धरलेला, साफ झालेल्या आणि न झालेल्या भागाच्या सीमेचा, आणि पुसलेल्या फडक्याचा. त्यावरून रंगकाम पुरेल की पट्टी बदलायला लागेल हे मी सांगू शकेन. जवळपासच्या कुणाकडे दाखवायचं असेल तर त्याला फोम भरणार का, वरच्या लेपात घट्ट करणारं द्रव्य घालणार का हे विचारा, आणि पूर्वी केलेली, निदान सहा महिने वापरलेली एखादी सीट दाखवायला सांगा. कालच केलेली सीट कुणाचीही चांगलीच दिसते.